क्रोमेनहोफची शनिवारवाली

क्रोमेनहोफला पहिल्यांदा येणारा माणूस फाटकातच थबकतो आणि नकळत मान एका बाजूला कलती करतो. घर सरळ दिसावे म्हणून डोके वाकडे करण्याची ही युक्ती प्रत्येकाला आपापली सुचते आणि कुणाच्याच कामी येत नाही. कारण हे घर एकाच बाजूला कललेले नाही. त्याची पूर्वेची भिंत ओढ्याकडे झुकली आहे, पश्चिमेची आत ओढली गेली आहे, छप्पर दोघींपासून अंग चोरून तिसरीकडेच वळले आहे, आणि खिडक्यांपैकी प्रत्येकीने या भांडणात स्वतंत्र बाजू घेतली आहे.

मास्ट्रिख्टच्या पूर्वेला, जिथे या सपाट डच देशाला एकदाची टेकड्यांची आठवण होते, तिथल्या एका ओढ्याकाठी एका जमीनदार घराण्याने ही हवेली बांधली, त्याला चारशेहून अधिक वर्षे झाली. ओक वृक्षाच्या जाड खांब-तुळयांचा सांगाडा, सांगाड्याच्या चौकटींत काटक्यांची वीण, विणीवर लिंपलेली माती आणि मातीवर चुन्याचा हात. आपण मराठीत ज्याला कूड म्हणतो, त्याचाच हा श्रीमंत घरात दत्तक गेलेला भाऊ. लाकूड काळे, भिंती पांढऱ्या. त्यामुळे वाकडेपण झाकायची सोयच राहिलेली नाही. एखाद्या मुलाने पट्टी न घेता चौकटीच्या वहीत रेघा ओढाव्यात, तसे ते दुरून दिसते. डचमध्ये ‘क्रोम’ म्हणजे वाकडे. घराने नावातच सगळे कबूल केले आहे.

दर शनिवारी या घराच्या दारात निळ्या स्वेटरवर ओळखपट्टी लावून जी बाई उभी असते, ती संपदा जगदाळे. मूळची इस्लामपूरची, सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. नवरा विश्वास आइंडहोवनजवळ चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग तपासतो. त्याच्या खात्यात केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका तिरकेपणाही गुन्हा ठरतो. त्याच्यामागोमाग ती या देशात आली, तेव्हा मुलगी ईशानी कडेवर होती. घरबसल्या एका कंपनीसाठी आकडेवारी निवडून-पाखडून देण्याचे काम तिला मिळाले. ते सगळे इंग्रजीत. डच भाषा तिला फक्त नागरिकत्वाच्या परीक्षेपुरती लागली, आणि परीक्षा झाल्यावर परीक्षेतल्या कुठल्याही विषयाचे जे होते, ते त्या भाषेचे झाले.

त्यांचे राहते घर अर्थातच सरळ होते. ओळीत बांधलेल्या एकसारख्या घरांपैकी एक. ओळंब्यात उभे, पाणसळीत आडवे, गुण्यात काटकोनी. रस्ता सरळ, रस्त्याकडेचा कालवा सरळ, कालव्याकाठची झाडेही शाळेच्या कवायतीत उभी असावीत तशी. संपदाची या सरळपणाबद्दल कधी तक्रार नव्हती. वाकडे काही पाहिल्यावर आपल्याला इतका आनंद होईल, याचीच तिला कल्पना नव्हती.

सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी देशभरची जुनी घरे सर्वांना खुली होतात. अशाच एका शनिवारी जगदाळे कुटुंब क्रोमेनहोफच्या फाटकाशी उतरले.

“हे पडणार,” विश्वास म्हणाला.

“चारशे वर्षं पडलं नाही. आज काय तुझी वाट बघत होतं?”

“माझी नाही. पण आज गाडी त्याच्या भिंतीशी लावलीये ना मी!”

घर दाखवत होत्या मेव्राउ हाउबेन. मेव्राउ म्हणजे बाई. इथे कुठल्याही प्रौढ स्त्रीला त्याच शब्दाने हाक मारतात. त्या घराच्या शेवटच्या मालकांची मुलगी. घर आता एका छोट्या न्यासाच्या ताब्यात, पण मागच्या दोन खोल्यांत हयातभर राहण्याचा हक्क बाईंनी राखून ठेवलेला. ऐंशीच्या घरातल्या, उंच, आवाजाने खणखणीत. कुणीतरी विचारले, घर वाकडे कधी झाले? त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, त्यातला प्रत्येक शब्द संपदाला परीक्षेपुरत्या डचमुळे कळला आणि नेमका अर्थ तेवढा उलटा लागला. “घर वाकडं झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “घर बसलंय.”

संपदाच्या काळजात चर्र झाले. धंदा बसतो, घसा बसतो, पावसात घर बसते. मराठीत बसण्याच्या बातम्या सहसा बऱ्या नसतात. तिचा चेहरा पाहून मेव्राउ हाउबेन गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आल्या, जवळची एक खुर्ची ओढली आणि तीत सावकाश टेकल्या. आधी कंबर सैल सोडली, मग एक कोपर खुर्चीच्या हातावर टेकवले, मग खांदा त्या बाजूला उतरू दिला आणि पोटावर हात ठेवून समाधानाने सुस्कारा टाकला.

“असं,” त्या म्हणाल्या. “जेवल्यावर.”

संपदा खळखळून हसली. परक्या भाषेतला विनोद कुणी समजावून न सांगता कळण्याची तिची ती पहिली वेळ होती.

त्या दिवशी अंगणात कॉफी आणि फळांची व्लाय देण्याची व्यवस्था होती. व्लाय म्हणजे इकडच्या भागातला जाडजूड गोड पाय. मदतीचे लोक कमी पडले होते. मोरीत कपांचा ढीग साचलेला संपदाने पाहिला, आणि पुढचे तिच्या हातांनी तिला न विचारताच केले.

“आई, स्टॉप इट! वी आर गेस्ट्स हिअर,” ईशानी दबक्या आवाजात म्हणाली. ती मराठी ऐकते आणि इंग्रजीत किंवा डचमध्ये उत्तर देते, लाजल्यावर इंग्रजीत.

“पाहुण्यांनी कप विसळू नयेत असं कुठं लिहिलंय?”

मेव्राउ हाउबेन आत आल्या, त्यांनी पाहिले, आश्चर्य वगैरे काही दाखवले नाही. खुंटीवरचे कोरडे फडके तेवढे काढून तिच्या खांद्यावर टाकले आणि विचारले, “पुढच्या शनिवारी?”

संपदा “हो” म्हणाली. “हो” हा शब्द तिला डचमध्ये पटकन सुचत असे, हेही त्याचे एक कारण. दुसरे कारण काय होते, ते कळायला पुढचे बरेच शनिवार गेले.

सकाळची आगगाडी, मग बस, मग ओढ्याकाठची पायवाट. आधी कप, मग तिकिटे, मग अंगणातल्या गुलाबांची छाटणी. कामाबरोबर शब्दही येत गेले, आणि ते पुस्तकातून न येता मेव्राउ हाउबेन यांच्या तोंडून आल्यामुळे त्यांना दक्षिणेचे वळण लागले. उत्तरेकडे घशात खरवडून काढायचा ख इथे लोण्यातून सुरी फिरावी तसा मऊ निघतो. संपदाच्या घशाला तोच मानवला. घरी मात्र त्यावरून हसे होई.

“यू साउंड लाइक अ लिम्बुर्ग ओमा!” ईशानी म्हणाली. लिम्बुर्ग म्हणजे क्रोमेनहोफ ज्यात आहे तो दक्षिणेचा प्रांत.

“ओमा म्हणजे आजी ना? मग बरंच आहे. आजीला कुणी परीक्षेला बसवत नाही.”

विश्वासला मात्र ते घर सोसत नसे. वर्षातून एकदा तो तिला न्यायला येई, आणि आला की फोनमधली पाणसळ काढून भिंतींना लावत फिरे. एकदा वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात तो तिला तावातावाने समजावून सांगत होता, की या तुळईचा भार त्या खांबावर येतो, खांब तर जागेवरून सरकलाय, म्हणजे हिशेबाने हे छप्पर आत्ता इथे नसायलाच हवे. बोलता बोलता तो दालनाच्या मधोमध होता तो खिडकीशी आला, खिडकीशी होता तो भिंतीशी, आणि शेवटी ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला.

“तू इथं का आलास?” संपदाने विचारले.

“कुठं? मी तर जागेवरच आहे.”

मग ती शनिवारमागून शनिवार पाहू लागली. तिथल्या जमिनीचा उतार इतका थोडा की डोळ्याला समजत नाही. पायांना समजतो, पण पाय सांगत नाहीत. दालनात माणसे सोडली, त्यांना बोलत ठेवले, की हळूहळू सगळी त्या कोपऱ्यात जमतात. परकी माणसेही. शिकवण्याची सवय असलेल्या बाईने अशी निरीक्षणे मनाशी जमवली, पडताळली, आणि निष्कर्ष आपल्यापुरता ठेवला: हे घर माणसे गोळा करते. ते तिने मेव्राउ हाउबेन यांना सांगितले, तेव्हा त्या नुसत्याच हसल्या. त्यांच्या हसण्यात ‘आत्ता कळलं होय?’ असे काहीसे होते.

मागच्या हिवाळ्याआधी बाईंच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला. न्यासाने कळवले, की पुढच्या वसंतापासून त्यांनी घर दाखवू नये. दुसरे कुणी मिळाले तर ठीक, न मिळाल्यास शनिवारी घर बंद राहील आणि वर्षातून फक्त त्या सप्टेंबरच्या दोन दिवसांपुरते उघडेल. मेव्राउ हाउबेन यांनी हे सांगितले तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी दाखवते,” संपदा म्हणाली.

“डचमध्ये?”

“डचमध्ये.”

“पेनर्ससमोर?”

मेनेर पेनर्स हे न्यासाचे चिटणीस. मेनेर म्हणजे साहेब, श्रीयुत. आयुष्यभर लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. लांबलचक वाक्याच्या शेवटी क्रियापद सापडेपर्यंत श्वास न घेणारे. क्रोमेनहोफची माहिती त्यांनीच लिहिली होती आणि वाटाड्याने ती अक्षरशः तशीच सांगावी असा त्यांचा आग्रह होता. मेव्राउ हाउबेन यांनी तो आग्रह वर्षानुवर्षे मोडला. पण त्या घरात जन्मल्या होत्या, त्यांना कोण बोलणार? संपदाला ती सवलत नव्हती. ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी, खऱ्या पाहुण्यांपुढे, तिने चाचणीची फेरी द्यावी असे ठरले. जमले तर वसंतात शनिवार तिचे. नाही जमले, तर कुणाचेच नाहीत.

तिला ते घर लोकांना दाखवायचे होते. त्या इच्छेला मोठे नाव देण्याची तिला कधी गरज वाटली नाही. या देशात तिने पुष्कळ गोष्टी निमूट शिकून घेतल्या होत्या. दुसऱ्याला दाखवावे असे काही तिच्याजवळ पहिल्यांदाच आले होते.

महिनाभर पाठांतर चालले. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये पेनर्ससाहेबांची वाक्ये घुमू लागली. विश्वास समोर मजकूर धरून बसे आणि त्याला डच फारसे येत नसल्यामुळे अतिशय काटेकोरपणे तपासत असे.

“‘सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात’ नंतर स्वल्पविराम आहे. तू थांबली नाहीस.”

“स्वल्पविराम कुणाला ऐकू येतो?”

“त्या माणसाला येत असणार. ज्यानं घातलाय त्याला येतोच.”

ईशानी जिन्यावरून ओरडे, “मम, इट्स एइक, नॉट आयक!” ओक या शब्दाचा उच्चार असा दिवसातून कितीदा तरी दुरुस्त होई. एका संध्याकाळी मात्र ती खाली येऊन बसली, पूर्ण फेरी तिने ऐकली, आणि शेवटी म्हणाली, “परफेक्ट. लाइक द ट्रेन.”

“कुठली ट्रेन?”

“द लेडी हू टॉक्स ऑन द ट्रेन. नेक्स्ट स्टेशन. लाइक हर.”

ही स्तुती आहे की काय, हे संपदाने विचारले नाही. चाचणी दोन दिवसांवर आली होती.

शेवटच्या शनिवारी ऊन पडले होते. नायमेखनहून एक पदभ्रमण मंडळ आले होते. साठी उलटलेली, लालबुंद गालांची, हातात काठ्या घेतलेली हसरी मंडळी. मेनेर पेनर्स मागे उभे राहिले, हाताची घडी घालून. मेव्राउ हाउबेन अंगणातल्या बाकावर शाल गुंडाळून बसल्या. तिथून उघड्या खिडक्यांतून आतले सगळे ऐकू येई.

संपदाने सुरुवात केली आणि तिचे तिलाच आश्चर्य वाटले. एक शब्द अडला नाही. सतरावे शतक आले, स्वल्पविराम आला, ती थांबली. ओक आला, तोही एइक होऊन आला. चुनखडीच्या जोत्याबद्दल, खुंट्या मारून जोडलेल्या लाकडांबद्दल, काटक्यांच्या विणीबद्दल तिने सांगितले. लाकडी जोडांवरचे जुने अंक सांगताना मात्र एका गृहस्थांनी मध्येच विचारले, “हे अंक सुतारांनीच कोरले का?”

“ते पुढे येतं,” संपदा म्हणाली. मजकुरात ते खरोखरच पुढे होते.

गृहस्थांनी मान डोलावली आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळाने एका बाईंनी जांभई दिली आणि ती भिंतीकडे तोंड करून, सभ्यपणे संपवली. संपदाला ती दिसली. सगळे बरोबर चालले होते, आणि सगळे निसटत होते. एखादा तास काही केल्या रंगू नये आणि शिकवणाऱ्याला तो मध्येच सोडताही येऊ नये, तसे. पण पाठांतराला थांबा नसतो. शेवटचे वाक्य दाराशी संपले. पाहुण्यांनी आभार मानले, कोट चढवले, काठ्या उचलल्या आणि अंगण ओलांडून ते फाटकाकडे निघाले.

आणि इथे एक अडचण आली, जी पेनर्ससाहेबांच्या ध्यानात येणे शक्यच नव्हते. निरोप कसा द्यायचा, हे मजकुरात नव्हते.

पाठ केलेले संपले, की माणूस आपल्या भाषेवर परत येतो. संपदा उंबऱ्यात उभी होती, घरातून पाहुणे निघाले होते, आणि छाती भरून आली होती. पाहुण्याला ‘जा’ म्हणायची आपली रीत नाही. जाणाराही ‘येतो’ म्हणतो आणि निरोप देणाराही ‘या’ म्हणतो. तिने हात जोडले, मान तुकवली आणि सगळ्या महिन्यात जमले नव्हते इतक्या मायेने डचमध्ये म्हणाली, “कोम मार! कोम मार!”

या, या.

फाटकाशी पोचलेले पदभ्रमण मंडळ थांबले. एकमेकांकडे पाहिले. मग डच माणसाला ‘या’ म्हटल्यावर तो जे करतो, ते त्यांनी केले: आले. अंगण ओलांडून, काठ्या वाजवत, सगळेच्या सगळे पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

“अजून आहे?” जांभईवाल्या बाईंनी विचारले. डोळ्यांत नवी आशा होती.

संपदाला आपण काय केले ते कळले. कानशिले तापली. आता म्हणायला हवे होते, की नाही, गैरसमज झाला, जा तुम्ही. पण दारात आलेल्या माणसांना जा म्हणायचे? तिने मेव्राउ हाउबेन यांच्याकडे पाहिले. त्यांनी शाल तोंडाशी धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मेनेर पेनर्स यांनी हाताची घडी सोडली होती. हे मजकुरात कुठे आहे, ते बहुधा ते आठवत होते.

“आहे,” संपदा म्हणाली. “वर चला.”

वर जाईपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांइतकाच वेळ तिच्याजवळ होता आणि त्यात काही सुचले नाही. दालनाच्या मधोमध सगळे गोल करून उभे राहिले. ती म्हणाली, “उभे राहा. कुठंही. बोला. मी आज खूप बोलले.”

हशा पिकला. लोक सैल झाले. मघाच्या गृहस्थांनी अंकांबद्दल पुन्हा विचारले आणि या वेळी तिने त्यांचा हात धरून तुळईवरच्या खाचेवर ठेवला. सुतारांनी लाकडे आधी खाली जमिनीवर जुळवली, अंक घातले, सुटी केली आणि मग वर उभारली, हे तिने हातवारे करत सांगितले. क्रियापदे मिळेल तिथे पडत होती. कुणी विचारले, इतके वळलेले घर पडत कसे नाही?

“आमच्या भाषेत म्हण आहे,” ती म्हणाली. “घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. वासे म्हणजे ही छपराची लाकडं. म्हण वाईट आहे. माणसाचे दिवस फिरले, की त्याची माणसंही त्याच्यावर उलटतात, असा तिचा अर्थ.” तिने वर पाहिले, सगळ्यांनी पाहिले. काळे वासे खरोखरच एका दिशेने, शिस्तीत, वळले होते. “पण इथं बघा. घर फिरलं, म्हणून वासेही फिरले. त्याच्याबरोबर. जे लाकूड ताठ राहिलं असतं, ते मोडलं असतं, आणि घर पडलं असतं. मला वाटतं, आमची म्हण करणाऱ्यानं हे घर पाहिलं नव्हतं.”

वाक्यांत बऱ्याच चुका होत्या. तरी सगळे वर वाशांकडेच पाहत होते. मग जांभईवाल्या बाई हळूच म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याला सांगायला हवं हे,” आणि शेजारचा नवरा म्हणाला, “मी इथंच आहे, आन्नी,” आणि दालन हास्याने भरून गेले. गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या मावशीच्या घराचे दार लागत नसे, कुणाच्या बोटीची जमीन अशीच होती. संपदाने थोडा वेळ जाऊ दिला. इतके शनिवार तिने हेच तर पाहिले होते.

“आता बोलू नका,” ती म्हणाली. “आणि हलू नका. फक्त बघा, तुम्ही कुठं आहात.”

सगळ्यांनी पाहिले. प्रशस्त दालन रिकामे पडले होते. अख्खे पदभ्रमण मंडळ ओढ्याकडच्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि त्यांच्या मधोमध, दोन काठ्यांत अडकलेले, एका अनोळखी बाईंच्या पाठपिशवीला चिकटलेले, चिटणीस मेनेर पेनर्स.

“मी तर दाराशी होतो,” ते म्हणाले.

खालून अंगणातून खणखणीत आवाज आला, “कोपऱ्यात पोचले का गं?”

“पोचले!” संपदा खिडकीतून ओरडली.

त्यानंतर जो हशा झाला, त्याने छपरावरची कबुतरे उडाली. मेव्राउ हाउबेन यांनी खालूनच सांगितले, की त्यांच्या आईबापांची पहिली ओळख याच कोपऱ्यात झाली. नाचाच्या रात्री दोघेही एकमेकांपासून लांब उभे राहिले होते, आणि शेवटी एकमेकांच्याच अंगावर येऊन पडले होते. ही गोष्ट खरी की त्या क्षणी सुचलेली, हे संपदाला आजवर ठरवता आलेले नाही.

मंडळी शेवटी खरोखर गेली. मेनेर पेनर्स अंगणात आले, कोटाची बटणे लावली आणि बाकासमोर, वर्गासमोर उभे राहावे तसे उभे राहिले.

“मेव्राउ जगदाळे. पहिल्या भागात तुमची एकही चूक नव्हती.”

“धन्यवाद.”

“दुसऱ्या भागात तुमचं एकही वाक्य बरोबर नव्हतं.”

मेव्राउ हाउबेन यांनी बाकावरूनच पेनर्ससाहेबांना पहिल्या नावाने हाक मारली. “योस, आता क्रियापद सांग. सगळे श्वास धरून बसलेत.”

पेनर्ससाहेबांचे कान लाल झाले. “पहिला भाग मी लिहिला आहे,” ते म्हणाले. “तो लांब आहे. आज मला तो पहिल्यांदाच ऐकावा लागला. तुम्ही तो अर्ध्यावर आणा. दुसऱ्याला हात लावू नका.” मग जरा थांबून, “एप्रिलपासून शनिवार तुमचे. आणि ते लोकांना जाऊ देऊन, फाटकाशी पोचल्यावर परत बोलावणं... फार विचारपूर्वक केलेलं होतं ते. कसं सुचलं?”

खरे सांगावे की न सांगावे, या विचारात संपदा पडली. आणि मग तिच्या लक्षात आले, की खरे सांगूनही काही बिघडत नाही.

“आमच्याकडे तशी पद्धतच आहे,” ती म्हणाली.

तेव्हापासून क्रोमेनहोफची फेरी दोनदा संपते. न्यासाच्या फलकावर तसे छापलेले नाही. पेनर्ससाहेबांनीच छापू दिले नाही. पण एप्रिल लागला, शनिवार सुरू झाले, आणि ही बातमी गुपित राहण्याइतकी लहान नव्हती. मे महिन्यात वाखनिंगनहून एक गृहस्थ दुसऱ्यांदा आले, या वेळी बायकोला घेऊन. दाराशी पहिली फेरी संपली, बाकीचे कोट चढवून फाटकाकडे निघाले, त्यांच्यात त्यांची बायकोही. हे मात्र खिशात हात घालून उंबऱ्यातच उभे.

“तुम्ही नाही निघालात?” संपदाने विचारले.

“तुम्ही परत बोलावणार, ते मला माहीत आहे ना. उगाच फाटकापर्यंत कशाला जायचं?”

पुढची मंडळी अर्ध्या अंगणात पोचली होती. वेळ थोडा होता. जन्मात कुठल्या पाहुण्याला म्हटले नव्हते, ते आता म्हणण्यावाचून संपदाला गत्यंतर उरले नाही, आणि ते म्हणताना तिला हसू आवरेना.

“जा!” ती म्हणाली. “अहो जा, लवकर जा. तुम्ही गेल्याशिवाय मी बोलावू कशी?”

गृहस्थ आज्ञाधारकपणे पळाले. बाकावरून मेव्राउ हाउबेन ओरडल्या, “कोट! कोट घाला आधी! नाहीतर खरं वाटत नाही!” तेव्हा ते अर्ध्या वाटेवरून मागे आले, खुंटीवरचा कोट काढला, मे महिन्याच्या उन्हात बटणे लावून तो नीट चढवला, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने, खरोखर निघालेल्या माणसासारखे, फाटकाकडे चालू लागले.